हातचा

स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन अंदाजपत्रकं,
उडू नयेत म्हणून वर मीठदाणी.
म्हणजे खरं तर दोनच.
तिसरं एक जुनं पाकीट, त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं काढलेलं घर,
आकडा कुठेच नाही.

वाल्पाराइसोत, मारिपोसास टेकडीवर आमचं बिऱ्हाड.
बाहेरून पत्रा, आत पाइनच्या चौकटी,
चौकटींच्या पोटात कच्च्या विटा.
बोटीवरून येणाऱ्यांना छान दिसतं म्हणे.
त्यांना न्हाणीघर दिसत नाही.

बुस्तामांते उंबऱ्यातूनच म्हणाला, पाडा.
भिंतीला बोट लावलं नाही त्यानं.
खिडकीशी उभा राहून
समुद्र किती चौरस मीटर मिळतो ते मोजत राहिला.
एक कोटी ऐंशी लाख पेसो, चार महिने.
चार म्हणताना त्याचा पंजा अख्खा उघडा होता.

यास्ना मार्दोनेस रबरी बूट घालून आली.
जिन्याखालच्या खांबात पेचकस खुपसला,
तो मुठीपर्यंत आत गेला.
तळहातावर भुसा घेऊन मला दाखवला,
काही बोलली नाही.
मग म्हणाली, एखादी गोटी आहे का घरात?

गोटी मोरीपासून निघाली,
टेबलाखालून, दाराला वळसा घालून थेट कपाटाखाली.
पंच्याऐंशीच्या भूकंपापासून सगळं तिथेच जातं:
लिंबं, रक्तदाबाच्या गोळ्या,
एकदा तर एलेउतेरिओची कवळी.

सहा सेंटिमीटर, ती म्हणाली. सरळ करायचंय?

हे मला कुणी विचारलंच नव्हतं.
त्या मार्चात एलेउतेरिओनं घर सरळ केलं नाही.
पैसे कुठे होते.
त्यानं घरातलं सगळं सरळ केलं.
पलंगाला पाचर, शेगडीला पाचर,
दारं उतरवून तासली, तिरक्या चौकटीत तिरकी बसवली.
रात्री अकराला रंध्याचा आवाज,
सकाळी माझ्या चपलेत भुसा.
जमीन सरळ झाली
तर त्याची एकूण एक पाचर चुकीची ठरणार.

एकतीस वर्षं मी मुलींना बेरीज शिकवली.
यास्नाचा कागद अकरा पानी.
पहिल्याच पानावर, सगळ्यात वर:
अनपेक्षित, पंधरा टक्के.
बुस्तामांतेनं तो कुठे लपवलाय, शोधून सापडला नाही.
मी फळ्यावर हेच सांगायचे,
हातचा डोक्यावर लिहा गं, बारीक लिहा, पण लिहा,
मनात ठेवाल तर विसराल.

राहिलं पाकीट.
कुस्तोदिओचं.
छपराचे पत्रे ह्यानं आणि एलेउतेरिओनं
दोनशे बारा पायऱ्या खांद्यावरून वर आणले होते.
आता चहाचा कप बशीवर वाजतो त्याच्या हातात.
चित्रातलं घर त्यानं कललेलंच काढलंय, अगदी मोजून.
अर्ध्या पैशात करतो म्हणाला.
दोनदा म्हणाला.
शिडी चढवेल का तुला, हे मी विचारलं नाही,
आणखी केक हवा का, तेवढं विचारलं.

काल सही केली.
पेन बंद करता करता म्हटलं, एक माणूस आहे,
ह्या घराची हाडं ओळखतो,
शिडी धरेल, पत्रे मोजेल, तुमच्या पोरांना ओरडेल.
यास्नानं अकराही पानं उलटून पाहिली.
ह्याला कुठल्या सदरात घालू?

हातच्यात धरा, मी म्हटलं.

ती हसली नाही. लिहून घेतलं.
स्पेलिंग विचारलं.

कुस्तोदिओला अजून सांगायचंय.
रविवारी सांगेन. किंवा सोमवारी.

रात्री, सहज बघावं म्हणून,
टेबलाखालची एक पाचर ठोकून काढली.
मीठदाणी सरकली, पण थांबली.
वाटीतलं सूप एका काठाशी गोळा झालं,
दुसऱ्या काठाशी वाटीचा निळा तळ उघडा.
थोडा वेळ बघत बसले.
मग त्या बाजूनं प्याले.