चाल

तापकीर गल्लीत, स्विचबोर्डांच्या दुकानावरच्या माळ्यावर
शकील अत्तारने ती कॅसेट शर्टाला पुसून दिली.
राखाडी. अर्धवट सोललेला कागद, एक जहाज,
बाकी सगळं जपानी.
"चालेल की नाही, सांगत नाही. एकशेऐंशी."
मी एकशेसाठ दिले. चालली.

बाबांनी उलटसुलट करून पाहिली.
"कार्ट्रिज? म्हणजे काडतूसच की.
आम्ही खडकीत बनवतो ती एकदाच वाजतात."

बोपोडीची एक खोली, मधे पडदा.
पडद्याआड रात्रपाळी करून आलेले बाबा,
अलीकडे मी, आणि आवाज दोन रेघांवर.

खेळाने नाव विचारलं. मी आंधळेपणानं चार अक्षरं उचलली.
(फार पुढे, ऑफिसातल्या जपानी येणाऱ्या ऋजुताने वाचून दाखवली:
नु, ने, मु, हे. अर्थ? काही नाही, म्हणाली.)
वरचा शब्द म्हणजे मार, सगळ्यात खालचा म्हणजे पळ,
हे मी मरून मरून शिकलो.

त्या पेटीत चारच आवाज होते.
तीन गायचे. चौथा नुसता फिस्कारायचा,
तोच समुद्र, तोच ढोल, तोच विझता दिवा.
आणि दार उघडलं की
गाणाऱ्यांपैकी एक गाणं सोडून
दार व्हायचा,
मग धावत येऊन ओळीत उभा राहायचा.
खानावळीत पाच सुरांत रात्र संपायची
आणि सगळ्या जखमा भरायच्या.
पाच सुरांत.
बाबांना दुपारी दोनपर्यंत झोपूनही जमायचं नाही.

गावाबाहेर मैदान. मैदानाला स्वतःची चाल.
दहा पावलं, पंधरा पावलं, आणि पडदा फुटायचा,
लढाईची धून अंगावर यायची.
मार, मार, औषध, मार.
जिंकलो की पुन्हा मैदान,
आणि चाल पुन्हा पहिल्यापासून.

सहा महिने असंच.
गावाभोवती घिरट्या घालून बळ कमवायचं,
एकेक आकडा.
बाबाही कमवत होते, सायकलवरून,
गेटवर काडेपेटीसाठी झडती देत,
हजेरीबुकात: ओव्हाळ भि. सो.

एका दुपारी पडद्याआडून:
"अरे, ती पुढे कुठे जाते?"
"कोण?"
"मैदानातली चाल. दरवेळी वर चढते
आणि तू मारामारी काढतोस."
"मी नाही काढत. पाऊल टाकलं की येतात ते."
थोडा वेळ फक्त पंखा.
"मग टाकू नकोस."

मी हातातलं खाली ठेवलं.
नायक गवतात उभा राहिला,
जागच्या जागी पाय हलवत, कवायतीत विसरलेल्या पोरासारखा.
चाल चढली.
जिथे रोज तुटायची ते वळण आलं,
गेलं,
आणि पुढे सगळं होतं.
दुसरा आवाज खालून आला, जरा अडखळला,
तिसऱ्याने त्याला जागा दिली,
एक उदास, रुंद उतार, मला माहीतच नसलेला,
आणि तळाशी पोचता पोचता पहिलाच सूर.
सांधा कुठे, कळलं नाही.

कुणीतरी बसून हे लिहिलं होतं.
माहीत असून, की लोक चालत राहतील.

"परत," बाबा म्हणाले.
परत लावायची गरजच नव्हती, ती येतच होती.
लोखंडी खाटेवर त्यांचं बोट पडत होतं, बारीक,
तिसऱ्या की चौथ्या फेरीला थांबलं.
मग घोरणं.

दोनचा भोंगा झाला. त्यांना उठवायचं होतं.
गाव डाव्या हाताला, तीन पावलांवर.
मी नाही हललो.