शिडीविषयी

रॅग्नफ्रिड दिवसभर लोकांना विचारते,
ऐकू येतंय का?
काचेपलीकडे मच्छीमार बसलेला असतो,
बोटीच्या इंजिनाने ज्याचे कान खाल्ले.
आवाज नसतानाही तो बोट वर करतो, भिडेखातर.
ती तक्त्यावर टिंब मांडते. बोलत काही नाही.

संध्याकाळ तीनलाच होते.
नोव्हेंबर सरता सरता ट्रॉम्सोत सूर्य रजेवर जातो,
डोंगरामागे थोडी लाली ठेवून.
ती घरी येते, बुटांवरचा बर्फ झटकते, लॅपटॉप उघडते.
एकोणचाळीस नवे मेल.
सदतीस शिडीविषयी.

इमारतीची शिडी. अ‍ॅल्युमिनियमची, दुहेरी,
छतावरचा बर्फ उतरवायची.
तळघरात नाही.
आयलिफने विचारलं होतं, कोणी पाहिली का?
पण सगळ्यांना विचारलं
की सगळे सगळ्यांना उत्तर देतात.
तिसऱ्या मजल्यावरची ओडलाउग: मी नाही पाहिली.
तिचा नवरा, त्याच सोफ्यावरून: मीही नाही.
कोणी शिड्यांच्या किमतींचा तक्ता जोडला,
कोणी आठ वर्षांपूर्वी उसना नेलेला वॉफलचा तवा उकरून काढला,
कोणी नुसताच अंगठा.

पुसून टाकावं?
पुसणं जरा भांडल्यासारखं होतं.
तिने म्यूट केलं.
ध्वनिरोधक खोलीचं जाड दार लागावं
आणि स्वतःचंच रक्त कानात वाहताना ऐकू यावं, तसं झालं.
दोनच मेल उरले:
विजेचं बिल,
आणि बहिणीने पाठवलेला मुरंब्याच्या बरण्यांचा फोटो.
केर काढलेल्या खोलीकडे पाहावं तशी ती बघत राहिली.

मग हातच थांबेना.
गायनवृंदाच्या शालींचा रंग, म्यूट.
ऑफिसातलं कॉफीचं मशीन, म्यूट.
माजी सासूच्या नव्वदीचा बेत,
क्षणभर थांबून, तोही.

जानेवारीत सूर्य परतला.
जिन्यात कोणीतरी जॅम भरलेले बन वाटत होतं.
ओडलाउगने तिच्या हातावर बन ठेवला
आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली,
आम्ही कोणी मनाला लावून घेतलेलं नाही हं.
मागे तिचा नवरा. मनगट प्लास्टरमध्ये.

काय लावून घेतलं नाही?

रात्री तिने ती साखळी शोधून काढली.
दोनशे बारा मेल.
शहाऐंशीव्यात आयलिफ:
शिडी सापडली, रॅग्नफ्रिडच्या कोठडीत, जाळीतून दिसते.
रॅग्नफ्रिड, तुझं कुलूप आहे. सवडीने काढ.
मग ओडलाउग: हो, सवडीने.
मग आयलिफ: बर्फ वाढतोय, पण घाई नाही.
मग: रॅग्नफ्रिड, बरी आहेस ना?
मग ओडलाउगचा नवरा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर चढला,
मग आठवडाभर त्यांच्याकडे सूप कोणी न्यायचं त्याची यादी.
यादीत तिचंही नाव, गुरुवारी.
शेवटचा मेल आयलिफचा,
एकाच शब्दाचा:
रॅग्नफ्रिड?

दार मात्र कोणी वाजवलं नाही.
इथे उगाच कोणाचं दार वाजवत नाहीत.

तिला आठवलं.
सप्टेंबर. छतावरचा धुराचा अलार्म
बॅटरी संपत आल्याने दर मिनिटाला टिक् करायचा.
तो गप्प करायला नेली होती शिडी.

साडेअकराला तिने कुलूप काढलं.
अ‍ॅल्युमिनियमला हळू बोलता येत नाही.
शिडी पायरी न् पायरी, कठडा न् कठडा वाजवत निघाली,
एकेक दार किलकिलं झालं, आतला उजेड जिन्यात सांडला,
कोणी काही म्हणालं नाही,
आयलिफ पायजम्यातच पुढे आला
आणि त्याने दुसरं टोक धरलं.

वर येऊन तिने नवा मेल लिहिला, सगळ्यांना:
शिडी जागेवर आहे. चूक माझी. गुरुवारचं सूप माझ्याकडे.
आणि लॅपटॉप उघडाच ठेवून
येणारे अंगठे मोजत बसली,
एक, चार, नऊ,
पोटमाळ्यावरचा विद्यार्थी तार्येई सोडून.
त्याचं उत्तर एक वाजता आलं:

कोणती शिडी?