मुद्रितशोधन

न्यूकॅसलला जानेवारीत सकाळी आठलाही अंधारच असतो.
भिंतीतल्या नळीतून धप्पकन येऊन पडते डबी:
अस्थिमज्जा, दोन मिली, वय सात महिने.
आम्हाला नाव दिसू नये असा नियम.
पण लेबल तिरकं लागलंय,
वरून डोकावतं अर्धं: एफी चार्ल्...

दुपारपर्यंत गुणसूत्रं काचेवर पसरतात.
चौथ्याचा तुकडा अकराव्याला,
अकराव्याचा चौथ्याला.
ओळ तुटून भलत्याच ओळीला जोडली गेली
तरी वाक्य वाचता येतं,
वाईट तेच.

माझे वडील कराडला छापखान्यात खिळे जुळवायचे.
लग्नपत्रिका, पतपेढीचे अहवाल, कुणाच्या तेराव्याचं निवेदन.
म्हणायचे, अक्षर चुकलेलं दिसतं गं,
टिंब नाही दिसत.
एकदा कुणा इनामदाराच्या पुस्तिकेत टिंब निखळलं,
'वंश'चा 'वश' झाला पाचशे प्रतींत.
छापून झाल्यावर रात्री
ते बल्ब खाली ओढून फरशीवर रांगत होते
त्या एवढ्याशा शिशासाठी.
आता सापडून काय उपयोग, आई म्हणाली.
ते रांगतच राहिले.

एफीचं उलटं आहे.
ती एक ओळ सोडली तर अक्षरं जागच्या जागी,
आणि टिंबंच टिंबं, नको तिथे.
एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढंच एकेक टिंब.
ज्या जनुकांनी पेशीला सांगायचं, मोठी हो, आता पुरे,
नेमकी त्यांच्याच तोंडावर.
पेशी मोठ्या होत नाहीत मग.
नुसत्या वाढतात.

तुटलेली ओळ आम्हाला सांधता येत नाही अजून.
औषध टिंबं घालवतं, तीही पुसून नव्हे.
पेशी स्वतःची नक्कल उतरवते तेव्हा
टिंब देणाऱ्याचा हात अडकवून ठेवायचा, बस.

आणि हवी ती टिंबंही गेली तर?
बैठकीत मीच विचारलं.
डॉक्टर फेनिक पेनचं टोपण चावत राहिल्या.
'म्हणून पाचच दिवस,' म्हणाल्या.
'मग केमो. मग बघू.'

एकोणतिसावा दिवस. पुन्हा डबी.
या वेळी लेबल सरळ, नाव झाकलेलं.
लिफ्टपाशी एक माणूस मनगटावर दुधाचे थेंब पाडून
ऊन किती आहे पाहत होता.
मी काही विचारलं नाही.

दहा हजारांत एखादी उरली असेल तर
ती शोधायची.
दिवा खाली ओढते.