कर्ता

मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेचारला, ग्लेब येतो.
हातमोजे रेडिएटरवर, बूट दाराशी,
एक उभा, एक आडवा.
सोळा वर्षांचा. या हिवाळ्यात
माझ्या चौकटीखालून वाकून यायला लागलाय.
पंधरा युरो आई पाकिटात घालून देते;
पाकीट दर वेळी तेच,
पैसे काढून घेतले की घडी करून परत नेतो.

खिडकीतून नार्वा नदी दिसते,
अलीकडे आमचा किल्ला, पलीकडे रशियाचा.
त्याचा फोन मधूनच पलीकडचं नेटवर्क पकडतो
आणि घड्याळ तासभर पुढे उडी मारतं.
"बाई, तास संपला."
एस्टोनियनमध्ये सांग, मी म्हणते.
तो सांगतो. विभक्ती चुकते. आम्ही पुन्हा बसतो.

चौदा विभक्त्या. नऊ येतात, दोन अंदाजाने.
भाषेला लिंग नाही, याचा त्याला आनंदच झाला होता.
भविष्यकाळही नाही म्हटल्यावर मात्र पेन खाली ठेवलं:
"मग मी पास होईन, हे कसं लिहायचं?"
"पास होतो, असं लिहायचं.
आणि घरी जाऊन अभ्यास करायचा."

आज निबंध. माझं शहर, दोनशे शब्द.
त्याने लिहिलं:
चव्वेचाळीस साली शहर पाडलं गेलं.
नंतर बांधलं गेलं. माणसं आणली गेली.
एकही चूक नाही, पहिल्यांदाच.
तरी मी लाल पेनाचं टोपण काढलं
आणि समासात विचारलं, कर्ता कुठंय?

"घरी एक सांगतात, पुस्तकात दुसरा," तो म्हणाला.
"पणजोबा सूतगिरणीत कामाला आले,
त्यांना वाटलं शहर रिकामंच असतं.
तुमच्या भाषेत कर्त्यावाचून चालतं ना?
मला तिच्यातलं तेवढंच आवडतं."

मग वहीची मागची पानं उलटत गेला.
ऑक्टोबरात मीच फळ्यावर लिहिलेलं वाक्य,
प्रयोग शिकवताना, उदाहरण म्हणून:
माझ्या आईला एकोणपन्नासच्या मार्चमध्ये नेलं गेलं.
"कुणी नेलं, बाई?"
सैनिकांनी. गुरांच्या डब्यातून. मी तिकडेच जन्मले,
येनिसेईच्या काठी, तुझ्या भाषेत रडले.
"नाही, ते माहितेय. यादीत नाव कुणी घातलं?"

किटली उकळून बंद झाली होती, तरी मी उठले.

यादी गावानेच केली होती.
शाळेच्या खोलीत बसून, माझ्या भाषेत,
चौदाच्या चौदा विभक्त्या जागच्या जागी.
खाली सही आईच्या मावसभावाची.
तो आम्ही परतल्यावर दर नाताळला
सफरचंदांची पेटी घेऊन यायचा,
आई दोन हातांनी घ्यायची.
कागद मी शहाण्णव साली दफ्तरखान्यात पाहिला,
छायाप्रतीचे पैसे भरले, पावती घेतली.
बाविशीच्या मुलीएवढ्या आईचं वय
त्यात चुकीचं लिहिलं होतं.
कुणाला वाचून दाखवला नव्हता.

"नाव?" ग्लेबने विचारलं.
पेन हातात, जसं एखादं सनावळीतलं साल विचारावं.
मी सांगितलं.
त्याने माझ्या वाक्याला कर्ता जोडला,
क्रियापद बदललं, बरोबर बदललं,
आणि लिहिलं उनो.

"ऊनो," मी म्हणाले. "दीर्घ."
लाल पेनाने दुरुस्त केलं.

मग तो आपल्या निबंधाकडे वळला.
"मी दोघांचीही नावं घालू?
बाँब टाकणाऱ्यांचं, आणि जाताना सुरुंग लावणाऱ्यांचं?
आणि कोण कुठे काय सांगतं तेही?"
घाल.
"दोनशे शब्दांत नाही बसत."
मग काहीतरी काट.
"काय काटू?"

त्याचा फोन तासभर पुढे गेला.
त्याने पाहिलं, उलटा करून ठेवला.
पहिली ओळ, मी म्हणाले.
नार्वा हे एक सुंदर शहर आहे.
ती काट.