गुरुवारचा फोल्डर

ढमढेरे सरांनी माझा डेस्कटॉप पाहिला
आणि म्हणाले, "ही काय मंडई आहे?"

तीनशे बारा फायली होत्या.
मागे कसला तरी डोंगर होता, दिसत नव्हता.

मग शिकवलं. फोल्डर ठेवायचे आत, खोल, डी ड्राइव्हला.
बाहेर ठेवायच्या फक्त वाटा.
फाईल ओढायची, वाटेवर सोडायची,
ती आपली जाते घरी.
नावं? इथल्या पेठांना वार पुरले,
आपल्यालाही पुरतील.

म्हणून जीएसटी सोमवारात, नोटिसा मंगळवारात,
भांडकुदळ अशील शनिवारात,
ज्यांचं काय करावं कळत नाही
ते सगळे रविवारात.
गुरुवार मात्र माझा, म्हणाले. गुरुवारी वीज जाते.

"कोपऱ्यात वाकडा बाण आहे ना?
मग चुकून पुसलंस तरी घाबरू नकोस.
पाटी काढली म्हणून घर पडत नाही."

आता त्यांच्या मशीनवर मी बसते.
रिटर्नचा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेनऊ,
हात घसरला आणि गुरुवार उघडला.

एकच फाईल. नुसत्या तारखा, आणि पुढे
पर्वती, सहा मिनिटं.
पर्वती, सहा. पाऊस, तरी सहा.
पर्वती, साडेआठ.
पर्वती, अकरा, दोनदा बसलो.
शेवटची ओळ फेब्रुवारीतली:
अर्ध्यावरून परत.

फाईल मी हलवली नाही.
माझ्या डेस्कटॉपवर तिच्याकडे जाणारी
एक वाट तेवढी काढली,
आणि दळवींची नोटीस मंगळवारात टाकली.