नळीतली रेघ

कंपूच्या पलीकडे, नाल्याकडे पाठ करून
पत्र्याचा एक कारखाना होता.
त्याच्या उत्तरेच्या खिडकीत एकच आडवी काठी,
आणि काठीसमोर बाबा, चौदा वर्षं.

नळी उजव्या डोळ्याशी धरायची.
काठीची सावली आत उतरते,
लोखंडाच्या पोटातून रेघ होऊन धावते.
जिथं मोडली तिथं खडूची खूण,
तांब्याचा हातोडा, एकच, बेताचा,
पुन्हा खिडकी.
दिवसाला सात नळ्या. आभाळ असलं तर तीन.

संस्थानाला स्वतःची बंदूक हवी होती,
विलायती नको, पण विलायतीसारखी.
बोल्ट साहेबाच्या रायफलीवरून मापं घेऊन उचलला,
दस्ता श्योपूरकडच्या शिसवीचा,
इतका जड की शिपाई म्हणत,
आम्ही हिला वाहतो की ही आम्हाला नेते.
कागदावर तिचं नाव लांबलचक, सनासकट.
कारखान्यात नुसती सावळी.
ती निळी व्हायला हवी होती,
ते मिश्रण कुणालाच साधलं नाही.

काडतुसं मात्र रेसिडेन्सीतून यायची.
माणशी दहा, वर्षाला,
आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत.
एकदा एक कमी भरली
तर त्रिंबक ढमढेरे, हवालदार, मिशी पिळदार,
चांदमारीच्या मैदानात दोन दिवस रांगत होता.
पुंगळी सापडली गवळ्याच्या गव्हाणीत,
म्हशीनं चाटून लख्ख केलेली.
हे सांगताना बाबा दर वेळी हसत,
आणि दर वेळी हसणं मध्येच थांबे.

खरी लढाई आली तेव्हा पलटणीला
दुसऱ्याच बंदुका मिळाल्या, दुसऱ्याच देशाच्या.
सावळ्या कोठारात राहिल्या, तेल लावून, मेणकापडात.

मग संस्थानच राहिलं नाही.
दिल्लीहून कारकून आला, मोजल्या: चारशे बारा.
जुनी नोंदवही मोडीत होती, त्याला वाचता येईना.
बाबांनी वाचून दाखवली,
एकेक नंबर, दोन दुपारी,
मध्ये त्यानं विचारलं, चहा मिळेल का इथं?

मी कॉलेजात गेले त्या साली
मुलींनाही परेड लागली.
पहाटे सहाला, थंडीत,
माझ्या हातात कुणीतरी एक जडशी बंदूक दिली.
शिकाऊ, निकामी केलेली,
सुई कापलेली, नळीला बाजूनं भोक.
दस्त्याखाली, बोट जाईल तिथं,
ऐरणीची खूण, तांदळाच्या दाण्याएवढी.
आमच्या घरच्या उलथन्यावर होती तीच.

सार्जंटनं हाक मारेपर्यंत
मी बोल्ट काढला, नळी उगवतीकडे धरली.
मैदानाच्या टोकाला गोलपोस्टची आडवी दांडी होती.
भोकातून शिरलेला नको तो उजेड एका जागी साचला होता,
पण त्याच्या अलीकडे, पलीकडे
रेघ होती. ताठ.
मला दोन तास उभं राहण्याची शिक्षा झाली.

घरी येऊन सांगितलं.
बाबा पायरीवर बसून वाटाणे सोलत होते,
डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू, उजव्यात जास्त.
म्हणाले, नंबर काय होता?

नंबर बघायचा राहिलाच होता.

दुसऱ्या दिवशी मला वेगळी बंदूक आली,
हलकी, लाकडाची, सुताराकडून करवून घेतलेली.
बाबांनी पुन्हा विचारलं नाही.
वाटाणे तेवढे त्या दिवशी
सालींसकट एकाच भांड्यात पडले होते,
मला वेगळे करावे लागले.