आपापला खर्च

निकालाची शेवटची ओळ
मंद्रूपकर वकिलांनी मला दोनदा वाचून दाखवली:
‘उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा.’
सोसावा.
बावीस पानांत हा एकच शब्द
मला न विचारता कळला.

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
नऊ वर्षं मी तपासणीच्या टेबलावर.
वकटी, रेंडु, मूडु... मोजायचे तेलुगूत,
सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडी किनार.
शेजारच्या टेबलावर अंबादास बुरा.
तेच टॉवेल, तोच दिवा, तेच आठ तास.
त्याला चारशे दहा, मला दोनशे नव्वद.
का, म्हणून विचारलं एका शनिवारी.
मॅनेजर म्हणाले, पुरुषाला घर चालवायचं असतं.
मी म्हणाले, माझं काय आपोआप चालतं?
सोमवारी गेटवर माझं कार्ड नव्हतं.

मग लाल पुठ्ठ्याची वही घेतली.
पहिली नोंद तिचीच: वही, बारा रुपये.
खाली वकीलपत्राचं तिकीट, टायपिंग, झेरॉक्स,
पुन्हा झेरॉक्स,
कारण कंपनी म्हणाली पहिला संच मिळालाच नाही.
फी: आधी तीन हजार, पुढं जमेल तसं.
‘जमेल तसं’ हे मी तसंच लिहिलं
आकड्याच्या रकान्यात.

आईचा हिशेब वेगळा. ती विड्या वळायची.
एक तारीख म्हणजे हजार विड्या.
साहेब रजेवर असले तरी हजारच.
माझ्या साक्षीच्या आदल्या रात्री
सूप मांडीवर घेऊन ती बसल्या जागी झोपली,
कात्री हातात तशीच.
सात वर्षांत माझ्या केसपायी तिनं किती पानं कापली
ते कुठल्याच अर्जात आलं नाही.

त्यांचे वकील पुण्याहून गाडीनं यायचे.
पुढची तारीख पडली की
घड्याळ बघत, हसत जेवायला जायचे.
त्यांना तारखेला पैसे मिळायचे,
माझे तारखेला जायचे.
त्यांचा खर्च कोण सोसतं, मी एकदा विचारलं.
मंद्रूपकर चष्मा पुसत म्हणाले,
तो धंद्याच्या खर्चात जातो, भारतीबाई.
टॉवेलाच्या भावात.
म्हणजे मीच तपासून पास केलेल्या टॉवेलांतून
माझ्याविरुद्ध उभं राहायचे पैसे निघाले,
एक धागा न सुटता.

फरक मिळाला, दोनच वर्षांचा:
चौऱ्याहत्तर हजार आठशे ऐंशी.
वहीची बेरीज, उरलेली फी धरून,
एकाहत्तर हजार तीनशे शेहेचाळीस.
वजाबाकी तुम्ही करा.
मी केली नाही त्या दिवशी.

फी द्यायला गेले तेव्हा वाटलं होतं
वकील ‘राहू दे’ म्हणतील.
म्हणाले नाहीत.
अंगठा ओला करून नोटा मोजल्या,
एक फाटकी परत दिली, पावती फाडली.
बरं वाटलं.
त्यांच्याही ऑफिसचा पत्रा गळतो, मी बघितलंय,
माझी फाइल एकदा बादलीशेजारी भिजली होती.
फुकट लढणारा पुढं उपकार मोजत बसतो.
यांनी फक्त नोटा मोजल्या.

परवा फोल्डिंगमधली शाहीन बागवान घरी आली.
जिंकलीस का, असं नाही विचारलं.
दाराशी चपला काढत म्हणाली, किती लागले?
मी वही पुढं केली.
तिनं शेवटचं पान आधी बघितलं,
मग पहिल्यापासून एकेक ओळ, ओठ हलवत.
आईनं सूप बाजूला सरकवून तिला जागा दिली.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग मी म्हणाले,
झेरॉक्स कोर्टाच्या दारात काढू नको,
पलीकडच्या बोळात पन्नास पैशांनी स्वस्त आहे.
आणि पहिलाच संच देशील ना,
तेव्हा पोच घे.
शिक्क्यासकट.